दंडावरचा परवाना

अमेरिकेत कायमचे वास्तव्य करू इच्छिणाऱ्यास गोवर, गालगुंड, धनुर्वात इत्यादि रोगांवरील लशी टोचून घेतल्याचा दाखला द्यावा लागतो. तेथील १९९६ सालच्या कायद्याने घातलेली ही अट आमच्या सुशिक्षित कुटुंबांस नवी वाटते. परंतु हिंदी माणसापुरते पाहिले, तर ती प्रथम कोणा पदवीधरास नव्हे, गिरमिटिया मजुरास लागू झाली होती.

फिजी बेटांतील उसाच्या मळ्यांसाठी १८७९ पासून १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार हिंदी मजूर नेण्यात आले. चांदा जिल्हा व त्यातील अहेरीची जमीनदारी ज्या मध्यप्रांतात मोडत, त्या प्रांतातूनही काही माणसे गेली. प्रत्येकाच्या नावे एक परवाना असे. त्यात बापाचे नाव, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खुणा नोंदलेल्या. खाली डेपोच्या व जहाजाच्या डॉक्टरांची ग्वाही, की हा मनुष्य निरोगी असून, जाण्याचे कबूल केल्यानंतर यास देवीची लस टोचली आहे.

‘कबूल केल्यानंतर’ हे शब्द आम्हांस मोठे बोलके वाटतात. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठला, की दंडही पुढे करावयाचा! लिहिता-वाचता न येणाऱ्याने पहिले नेमके किती समजून केले, हा प्रश्न परवान्यात कोठेच नव्हता.

तरीही ही सक्ती केवळ जुलूम होती, असे आम्ही म्हणणार नाही. फिजीस गेलेल्या ‘लिओनिडास’ या पहिल्याच जहाजावर पटकी व देवी उद्भवल्या आणि उतारूंना विलग ठेवावे लागले. बेटावर देवीची साथ शिरती, तर तेथील मूळ रहिवाशांची काय अवस्था होती, हे सांगावयास नको.

लस आपल्याकडे परकी नव्हती. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस बगदाद-बसरामार्गे आलेली लस टोचली गेली, आणि तिच्या दंडावरील फोडातून ती पुढे पुण्यास व इतरत्र पसरली. ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग पुढे घरोघर रुळला.

१९८० साली देवी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले आणि परदेशप्रवासासाठी लागणारा तिचा दाखलाही गेला. पीतज्वराचा दाखला मात्र उरला आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील त्या रोगाच्या देशांतून येणाऱ्यांकडे तो आता भारतच मागतो.