आधी खांदेमळणी, मग शिंगांना रंग

मंडळी, या वेळचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, गुरुजींना निवृत्तीनंतर दुसरा उद्योग उरलेला दिसत नाही. ट्रकच्या टायरला काळं चकचकीत पॉलिश लावतात ना, त्याविषयी आज लिहायचं आहे. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

माझ्या वर्गातून सातवी-आठवीनंतर शाळा सोडून गेलेली बरीच मुलं ट्रकवर क्लीनर म्हणून चढली आणि पुढे ड्रायव्हर झाली. त्यातल्या एकानं आता स्वतःची दहाचाकी घेतली आहे. जुनीच, पण स्वतःची. त्यानं मला दोन-तीन बाटल्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, "गुरुजी, यावरचं इंग्रजी वाचून सांगा, टायरला यातलं कोणतं लावू?" मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. पण प्रश्न विद्यार्थ्याचा, म्हणून थोडं वाचलं, थोडं विचारलं. वाचता वाचता लक्षात आलं की या बाटलीमागे चांगला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या खान्देशातल्या बैलगाडीला बांधलेलं आहे.

आपला मुलूख मुळात चाकांचाच. धुळ्याला दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबई-आग्रा, दुसरा सुरतेहून नागपूरकडे जाणारा. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून 'तीन नंबर' आणि 'सहा नंबर' आहेत. 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. सहा नंबरचा त्रेपन्न झाला आणि तीन नंबरचे तुकडे पडून धुळे-नाशिक साठ, धुळे-इंदूर बावन्न झाला. पण रस्ता तोच. रावेर-सावद्याची केळी, आपला कापूस, जळगावची डाळ, सगळं याच रस्त्यांनी जातं. धुळ्याहून जळगावला येताना पारोळा आणि मग एरंडोल लागतं. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आपल्याकडे मानतात. भीमानं बकासुराकडे अन्नाचा गाडा हाकत नेला ती गोष्ट इथलीच, अशी आपल्या लोकांची श्रद्धा. मालवाहतुकीचा आपला अनुभव किती जुना ते बघा!

गमतीचा भाग सोडला तरी गाडा मात्र खरा. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, गावात ट्रक क्वचित यायचा आणि बैलगाड्या दारोदार होत्या. चाक बाभळीचं. मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, त्याभोवती लाकडी घेर आणि घेरावर लोखंडाची धाव. धाव चढवणं हा गावातला सोहळाच असायचा. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळं लाकूड आवळून घट्ट धरायचं. आम्ही पोरं त्या वाफेच्या ढगात उभी राहायचो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या चाकाला तेल लागायचं, पण कुठे? बाहेरून दिसणाऱ्या घेराला कधीच नाही. तेल जायचं आत, तुंब्यात, जिथे तुंबा आखाभोवती फिरतो आणि घासतो तिथे. एरंडेल असो, जळकं तेल असो की पुढे आलेलं काळं वंगण असो, ते चाक काढून आत घालायचं, कारण घर्षण तिथे आणि बैलाचा जीव जातो तोही तिथेच. वंगण संपलेली गाडी अर्ध्या कोसावरून करकरत ऐकू यायची आणि गाडीवानाला लोक नावं ठेवायचे. आपल्या जत्रांमध्ये बारागाड्या ओढतात ना, त्याही वंगणावाचून जागच्या हलायच्या नाहीत. श्रद्धा आपल्या जागी, पण तुंबा कोरडा ठेवून चालत नाही.

मग रबर आलं. कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करण्याची रीत सापडली. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि हवेचा टायर चालू झाला. त्यांच्या आधी 1845 साली रॉबर्ट थॉमसन यांनी अशाच चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा त्याचं काही झालं नाही. आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला बरेच लोक 'डनलॉप' म्हणतात, ते याच गृहस्थांच्या नावावरून. जनावरांच्या डॉक्टराचं नाव शेवटी बैलांच्याच गाडीला मिळालं, हे मला फार आवडतं.

पण सुरुवातीचे टायर काळे नव्हतेच, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. ते पांढुरके, पिवळट असायचे. मिशलिन कंपनीचा तो वळ्यावळ्यांचा गलेलठ्ठ माणूस पांढरा का, याचं उत्तर यात आहे. 1898 मध्ये तो चित्रात आला तेव्हा टायरचा रंग तसाच फिका होता. पुढे 1904 च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात रबरात काजळी घालून पाहिली. काजळी म्हणजे तीच, दिव्याच्या ज्योतीवर वाटी धरली की जमते ती, फक्त कारखान्यात केलेली. तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. ती घातल्यावर रबर कितीतरी पटीनं चिवट झालं आणि टायरची झीज कमी झाली. आज टायरच्या वजनात साधारण चौथा हिस्सा काजळीचा असतो. म्हणजे टायरचा काळा रंग शोभेसाठी नाही, तो त्याच्या ताकदीचा रंग आहे. बाळाच्या डोळ्यांतलं काजळ आणि ट्रकचा टायर यांचं कूळ एकच!

हा काळा रंग काही महिन्यांनी तपकिरी, मळकट का दिसतो? माझ्या विद्यार्थ्याला वाटत होतं, धूळ. काही धूळ असतेच, पण सगळी नाही. हवेत ओझोन असतो, आणि ताणलेल्या रबराला तो बारीक चिरा पाडतो. त्यापासून बचाव म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि काही रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, ओझोनचा मारा स्वतःवर घेतात आणि तपकिरी पडतात. चाक फिरत राहिलं की आतून नवीन थर येत राहतो. उभ्या गाडीचे टायर लवकर चिरतात, त्याचं हेही एक कारण. तेव्हा थोडा तपकिरी टायर म्हणजे काम करणारा टायर. शेतकऱ्याचा रापलेला हात असतो, तसंच म्हणा ना.

1954 साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले आणि पुढच्या वीस वर्षांत आपल्या दोन्ही महामार्गांवर ते दिसू लागले. ट्रकबरोबर क्लीनर आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची, झेंडूच्या माळा बांधायच्या आणि टायर काळे करायचे, हे त्याचं काम. कशानं? तर इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल आणि थोडं डिझेल. फडकं बुडवायचं आणि उघड्या हातानं पुसत सुटायचं. टायर आरशासारखा व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर काळ्या मातीची धूळ बसायची, ती गोष्ट वेगळी.

हा उपाय दोन्हीकडून वाईट आहे. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त असतं. खनिज तेल त्यात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि ते बचावाचं मेणही धुऊन निघतं. टायरपेक्षा मोठी गोष्ट त्या पोराच्या हातांची. जळक्या ऑईलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात आणि वर्षानुवर्षं ते कातडीला लागत राहणं धोक्याचं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे काम हसत केलं. ते कुणी त्यांना सांगितलं नाही, म्हणून आज इथे लिहितो आहे. तुमच्या ओळखीत गाडीवाले असतील तर एवढं तरी त्यांच्या कानावर घाला.

आता त्या बाटल्या. त्यात मुख्य माल असतो सिलिकॉनचं तेल. सिलिकॉन ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यात आलेली वस्तू, विमानांसाठी आणि विजेच्या उपकरणांसाठी. मग ती गाड्यांच्या पॉलिशमध्ये उतरली. सिलिकॉन तेल साध्या रबराला फुगवत नाही, हा त्याचा गुण. पण ते कशात मिसळलं आहे, हे बघावं लागतं. बाटल्या दोन जातींच्या. एक दुधासारखी पांढरी, पाण्यात मिसळलेली. दुसरी पारदर्शक, तेलकट, रॉकेल-पेट्रोलसारख्या वासाची. दुसरीची चकाकी जास्त आणि टिकतेही जास्त, पण ती पेट घेते आणि तिच्यातलं खनिज द्रावण रबराला पुन्हा तेच करतं जे डिझेल करायचं. पहिली जरा मंद दिसते, पावसात लवकर जाते, पण टायरला त्रास देत नाही. मी त्याला सांगितलं, पांढरी घे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो. त्या उन्हात तेलकट थरावर धूळ चिकटून टायर दोन दिवसांत आधीपेक्षा मळका दिसतो.

लावायची रीतही सोपी. आधी साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं टायर धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा. मग स्पंजावर थोडं घेऊन फक्त बाजूच्या भिंतीला पातळ हात फिरवायचा. जास्तीचं पुसून घ्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी हलवायची नाही, नाहीतर ते उडून रंगावर बसतं. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला मात्र थेंबही लावायचा नाही. सिलिकॉन निसरडं असतं, आणि टायरचं सगळं काम पकडीचं.

इथपर्यंत सोपं होतं. पण त्याच्याशी बोलताना मी सहज विचारलं, "दहापैकी किती टायरला लावतोस?" तो म्हणाला, "सहाला." बरोबरच आहे. पुढचे दोन आणि मागचे बाहेरचे चार. जोडीतले आतले चार टायर कुणाला दिसतच नाहीत. तिथे पॉलिश जात नाही आणि बहुतेक वेळा नजरही जात नाही. जोडीच्या मधे दगड अडकतो तो तिथेच. आतल्या टायरची हवा कमी झाली तर त्याचा भार मुकाट्यानं शेजारच्यावर पडतो, दोघेही तापतात आणि एखाद्या दुपारी पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे मोठा आवाज होतो. जुने ड्रायव्हर ढाब्यावर थांबले की आधी टॉमी घेऊन दहाही टायर ठोकत फिरायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. हवेचं माप घेणारा गेज त्याहून खात्रीचा, पण सवय सोन्यासारखी.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. हीच चकाकी जुना माल विकायलाही वापरतात. जुना ट्रक घेताना टायर काळेभोर दिसले की घेणारा खूश होतो. पण बारीक चिरांवर पॉलिशचा हात फिरला की त्या दिसत नाहीत. म्हणून कोरडं फडकं घेऊन आधी ते पुसायचं आणि मग भिंत बोटानं थोडी दाबून बघायची. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 3519 असेल तर 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. ही चार आकड्यांची पद्धत 2000 सालापासूनची. टायरचा जन्मदाखला कोणत्याही बाटलीनं बदलत नाही. नक्षीच्या खोबणीत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं काम संपलं, मग तो कितीही चमको.

असो. माझा चकाकीवर राग नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्या गाडीवर घर चालतं ती सजवावी असं वाटणं हे आपलं जुनं संस्कारच आहेत. पोळ्याला आपण बैलांची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, झूल घालतो. बैलाला त्याचा काय उपयोग? पण घरच्यांचं मन भरतं. फक्त एक क्रम आपल्या वाडवडिलांनी घालून दिला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्याला हळद-तूप चोळायचं, शेकायचं. रंग दुसऱ्या दिवशी. ज्याच्यावर ओझं आहे त्याची विचारपूस आधी आणि जे दिसतं त्याची सजावट नंतर, हे शेतकऱ्यानं कुठलंही पुस्तक न वाचता ठरवलेलं आहे.

बैल गेले, ट्रक आले, एरंडेलाच्या जागी सिलिकॉन आलं. क्रम बदलायचं काही कारण मला दिसत नाही. येत्या दसऱ्याला ज्यांच्या दारात गाडी आहे, मग ती ट्रक असो, रिक्षा असो की नातवाची मोटारसायकल, त्यांनी बाटली उघडायच्या आधी हवा तपासावी, न दिसणाऱ्या टायरपाशी वाकून बघावं, ते चार आकडे वाचावेत. मग खुशाल चमकवा. झेंडूची माळ काळ्याभोर टायरवर फार शोभून दिसते, हे मलाही मान्य आहे.