शब्दवेध : लॅसो

फोटोतला माणूस नेमका कापून काढायला फोटोशॉपमध्ये लॅसो असतो. शब्द गुराख्यांचा. स्पॅनिश ‘लाझो’, त्यामागे लॅटिन ‘लाक्वेउस’, म्हणजे फास. बुटाची लेसही याच कुळातली. संगणकावर तो १९८४च्या मॅकपेंटमध्ये दिसला. बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या त्या प्रोग्रॅममध्ये चित्राभोवती ढोबळ फेरा मारला, की कोरी जागा सोडून फास थेट रेघेपर्यंत आवळला जाई. नाव सार्थ! फोटोशॉपचा साधा लॅसो आवळतच नाही. हात थरथरला की कड वेडीवाकडी. (फोटोत कोरी जागा असते कुठे म्हणा!) १९९८च्या पाचव्या आवृत्तीतला मॅग्नेटिक लॅसो रंग-उजेडातला फरक हुंगत कडेला चिकटतो. भुरभुरत्या केसांपुढे मात्र तोही हात टेकतो.