डमीवर पास, उड्डाणात नापास

आजचा एपिसोड छोटा आहे, पण कोड लिहिणाऱ्यांना झोंबणारा आहे.

मी रोज टेस्ट लिहितो, तेव्हा खऱ्या गोष्टीच्या जागी डमी बसवतो. पेमेंटचं बटण तपासायला दर वेळी खात्यातून खरे पैसे थोडेच कापणार? मग बँकेच्या जागी छोटासा कोड ठेवायचा, जो विचारलं की म्हणतो, "पैसे मिळाले." याला आम्ही मॉक म्हणतो. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांच्या २००० सालच्या पेपरनंतर हे नाव रुळलं. युक्ती मात्र जुनी आहे, आणि ती किती महागात पडू शकते ते १९९६ मध्येच दिसलं होतं.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना, तिथलं कुरू. युरोपचं नवंकोरं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. पोटात क्लस्टर मोहिमेचे ४ उपग्रह. जेमतेम ४० सेकंदांत रॉकेट वाकडं झालं आणि हवेतच फुटलं.

झालं काय? दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रातला कोड एरियान ४ वरून उचललेला. तो ६४ बिटचा एक आकडा १६ बिटमध्ये कोंबायचा, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. एरियान ४ ला तेवढं पुरायचं. एरियान ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच खूप वाढला, आकडा मावेना, यंत्र बंद! राखीव यंत्र होतं, पण त्यातही तोच कोड. ते तर क्षणभर आधीच बंद पडलं होतं. वर मुख्य कॉम्प्युटरने यंत्राचा एररचा संदेश खरी माहिती समजून नोझल वळवले.

मग टेस्टिंग केलंच नव्हतं का? केलं होतं की! पण पूर्ण सिस्टिमच्या टेस्टमध्ये हे यंत्र नव्हतंच, त्याच्या जागी सिम्युलेटर होता. यंत्र वेगळं तपासून पास झालंय, मग पुन्हा कशाला, असा हिशोब. सिम्युलेटर बिचारा नीट आकडे देत राहिला, कारण फसणारा कोड त्याच्यात नव्हताच. चौकशी समितीने पुढे स्पष्ट लिहिलं: खऱ्या यंत्राला एरियान ५ च्या मार्गाचे आकडे देऊन तपासलं असतं, तर चूक जमिनीवरच सापडली असती.

शास्त्रज्ञांना ते उपग्रह पुन्हा बांधावे लागले. ते उडाले २००० साली, रशियाच्या सोयुझवरून.

मॉकशिवाय आमचं पान हलत नाही, हे खरंच. पण मॉकला तेवढंच माहीत असतं, जेवढं आपण त्याला शिकवलंय. म्हणून रिलीजआधी एकदा तरी खऱ्याशी गाठ घालून द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!