अहमदाबादच्या नावाची मनोली

गावाच्या नावावरून वस्त्र ओळखले जाते, हे पैठणीमुळे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु शहराचे नाव एखाद्या पाखराला लागावे आणि ते पाखराबरोबर दर्यापार जावे, असे क्वचितच घडते. आपण ज्याला लाल मनोली अथवा लाल मुनिया म्हणतो, त्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव 'अमंदावा अमंदावा' असे आहे. त्यात अहमदाबाद दोनदा आले आहे, हे सांगितल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही!

ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७० नंतरच्या दशकात सुरतेस होता. शिवकालाच्या अभ्यासकांना हा गृहस्थ परिचित आहे. १६९८ साली लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात अहमदाबादेहून येणाऱ्या चिमुकल्या पाखरांची नोंद सापडते. अंगावर गोवराच्या पुटकुळ्यांएवढे तांबडे-पांढरे ठिपके, एकेका पिंजऱ्यात पन्नास पाखरे, एकाने सूर धरावा आणि बाकीच्यांनी साथ करावी, असे ते वर्णन आहे. वैद्याला उपमाही रोगाचीच सुचली. पुढे इंग्रजांच्या तोंडी अहमदाबादचे 'अवदवत' झाले.

हा पक्षी जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचा. पावसाळ्यात व त्यानंतर, विणीच्या दिवसांत, नराचे अंग गर्द तांबडे होते व त्यावर पांढरे ठिपके उमटतात. हंगाम सरला की तो मादीसारखाच तपकिरी दिसू लागतो. तांबडी चोच आणि शेपटीच्या मुळाशी असलेला तांबडा रंग एवढीच काय ती खूण उरते.

जाड, आखूड, दाणे फोडणारी चोच पाहून लिनीअसने १७५८ साली ह्या पक्ष्याला युरोपातील फिंचांच्या पंक्तीत, 'फ्रिंजिला' ह्या प्रजातीत बसविले. पंक्ती चुकली होती. खऱ्या फिंचाचे घरटे वाटीसारखे उघडे असते. मनोली गवताचा गोल, झाकलेला गोळा विणते आणि त्यात पांढरी अंडी घालते. तिचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात आहेत. म्हणून आज तिचे कुल निराळे मानतात. चोचीचे साम्य समान आहारामुळे आलेले आहे, रक्ताच्या नात्यामुळे नव्हे.

फ्रायरने पाहिलेला पिंजरा पुढे तीनशे वर्षे रिकामा झाला नाही. बाजारात ही पाखरे कृत्रिम रंगांत रंगवूनही विकली जात. १९९०-९१ मध्ये भारताने वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी घातली. तरी चोरटी विक्री थांबलेली नाही. ह्याच व्यापारातून ती फिजी, हवाई, पोर्तो रिको येथे पोहोचली आणि तेथे रानात स्थिरावली.

स्पेनची हकीकत त्याहून नवलाची. तेथे ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात, बोरूच्या बेटांत आणि भातखाचरांच्या कडेला, पिंजऱ्यांतून निसटलेल्या पाखरांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती केली. नदीपलीकडे पोर्तुगालातही ती पसरली. तिकडचे बहुतेक पक्षी वसंतात घरटी करतात. ही मनोली मात्र, मोसमी पावसाचा थेंबही न पडणाऱ्या त्या मुलखात, मुख्यतः शरदाच्या सुमारास गवत गोळा करू लागते.