गोव्याची शरणागती आणि गिनी-बिसाऊचा स्वातंत्र्यलढा

गोवामुक्तीसंबंधी मराठीत विपुल लेखन झाले आहे. 1955 चा सत्याग्रह, सेनापती बापट, ना. ग. गोरे, मोहन रानडे यांचे कार्य त्यात सविस्तर नोंदले गेले. मात्र हे लेखन बहुधा 19 डिसेंबर 1961 या दिवशी थांबते. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते त्यानंतर तेरा वर्षांनी. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही जानेवारी 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. पोर्तुगालचा हा हट्ट कशामुळे संपला, याचा शोध घेताना पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊकडे वळावे लागते. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या आठव्या भागाहूनही लहान आहे.

दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांचे, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती समान नव्हती. गोमंतकीयांना नागरिक मानले जाई. गिनीतील 99 टक्क्यांहून अधिक लोक 1961 पर्यंत 'देशी' या वेगळ्या, हक्कवंचित वर्गात मोडत. त्यांच्यावर डोईपट्टी आणि सक्तीचे श्रम लादले जात. आफ्रिकेतील पोर्तुगीज प्रशासनात गोमंतकीय कारकून व डॉक्टर होते, ही बाबही नजरेआड करता येत नाही.

गिनीचा समाज एकजिनसी नव्हता. फुला समाजात सरदारांची उतरंड होती आणि त्यातील बरेच सरदार पोर्तुगीजांच्या बाजूने राहिले. बालांता समाजात मात्र राजा वा सरदार नव्हता. गावाचा निर्णय वडीलधारी मंडळी घेत. हे लोक खाडीकाठी बांध घालून, खारे पाणी अडवून भात पिकवतात. गोव्यातील खाजन शेती किंवा कोकणातील खारजमीन ज्याने पाहिली आहे, त्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. लढ्याला सर्वाधिक बळ मिळाले ते याच भातशेतकऱ्यांकडून.

लढ्याचे नेते आमिलकार काब्राल (1924-1973) हे लिस्बनमध्ये शिकलेले कृषितज्ज्ञ होते. 1953 मध्ये सरकारी नोकरीत असताना त्यांनी वसाहतीची कृषिगणना केली. कोणत्या गावात कोण काय पिकवतो, कोण कोणाचे ऐकतो, याचे जे ज्ञान त्यांना त्या फिरतीत मिळाले, ते पुढे राजकीय संघटनेस उपयोगी पडले. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या खर्चाने आपल्या विरोधकाला देश दाखवला, असे म्हणण्यास हरकत नाही. 1956 मध्ये त्यांच्या पक्षाची स्थापना झाली. 3 ऑगस्ट 1959 रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार झाल्यानंतर पक्षाने शहर सोडून खेड्यांचा आश्रय घेतला आणि जानेवारी 1963 मध्ये सशस्त्र लढा सुरू केला. मुक्त केलेल्या भागात शाळा, दवाखाने आणि लोकभांडारे उभी राहिली.

गोव्याशी या चळवळीचा संबंध प्रत्यक्ष होता. एप्रिल 1961 मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद स्थापन झाली. तीत काब्राल यांच्या पक्षाबरोबर गोमंतकीय प्रतिनिधीही होते. बार्देश तालुक्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा या परिषदेच्या कामाशी निगडित होते.

अधिक महत्त्वाचा धागा मात्र पोर्तुगीज सैन्यातून जातो. डिसेंबर 1961 मध्ये सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना कळवले की शरणागती नको. सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील. फौज तुटपुंजी होती. वासालो यांनी जीवितहानी टाळून शरणागती पत्करली. त्याबद्दल 1963 मध्ये त्यांना आणि इतर काही अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. निर्णय राजकीय, दोष मात्र सैन्याचा, ही जखम अधिकारीवर्गाच्या मनात राहिली.

दशकभराने गिनीत तोच प्रसंग येऊ घातला. 1972 मध्ये गव्हर्नर स्पिनोला यांनी वाटाघाटींचा मार्ग सुचवला असता पंतप्रधान कायतानू यांनी तो नाकारला. तडजोडीपेक्षा लष्करी पराभव परवडेल, अशी त्यांची भूमिका होती. 20 जानेवारी 1973 रोजी काब्राल यांची कोनाक्री येथे हत्या झाली, पण लढा खचला नाही. त्याच वर्षी बंडखोरांच्या हाती विमानवेधी क्षेपणास्त्रे आली आणि पोर्तुगीजांचे हवाई वर्चस्व ओसरले. 24 सप्टेंबर 1973 रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. आपल्यालाही गोव्यातील अधिकाऱ्यांप्रमाणे बळीचा बकरा केले जाईल, ही धास्ती तरुण कप्तानांमध्ये बळावली होती. त्यांच्या गुप्त बैठका बिसाऊत 1973 मध्येच सुरू झाल्या. 25 एप्रिल 1974 च्या लिस्बनमधील उठावाची आखणी करणारे ओतेलो साराइवा द कार्व्हाल्यो हेही गिनीत सेवा बजावून परतले होते. केवळ गोव्याच्या स्मृतीने उठाव घडला असे म्हणणे अतिशयोक्त होईल. बढतीचे वादग्रस्त नियम, अंगोला व मोझांबिकमधील युद्धे, देशातील दारिद्र्य ही कारणेही प्रबळ होती. तथापि पराभवाचे खापर कोणावर फुटते, याचा धडा अधिकाऱ्यांना गोव्यानेच दिला होता.

10 सप्टेंबर 1974 रोजी पोर्तुगालने गिनी-बिसाऊला मान्यता दिली. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारान्वये गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व त्याने स्वीकारले. बडतर्फ वासालो ई सिल्वा यांनाही क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला.