आधाराचीही परीक्षा

तांत्रिक नियमांची भाषा इतकी कोरडी असते की त्यांच्या मुळाशी मोडलेली जहाजे आणि मेलेली माणसे आहेत, हे वाचताना जाणवत नाही. वायू वा द्रव दाबाखाली साठवणाऱ्या पात्रांसाठी अमेरिकेतील ‘ए.एस.एम.ई.’ संहितेत अशी एक तरतूद आहे. थंडीत पोलादाची आघात-चाचणी हवी की नको हे ठरवताना पात्राच्या कवचाबरोबरच, त्याला वेल्ड केलेले आणि त्याच्या स्थैर्याला आवश्यक असे जोडभागही ती विचारात घ्यायला लावते. वेल्ड केलेले आधार त्यातच येतात. जो केवळ भार वाहतो, त्याची ही परीक्षा कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

१९०१ मध्ये फ्रेंच धातुशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पी यांनी आपल्या चाचणीची मांडणी केली. खाच पाडलेल्या छोट्या दांडीवर लंबकाचा घाव घालायचा आणि मोडताना ती किती ऊर्जा शोषते ते मोजायचे. चिवट पोलाद वाकते व पुष्कळ ऊर्जा खाते. ठिसूळ पोलाद काचेसारखे तुटते. तेच पोलाद उबेत चिवट आणि गारठ्यात ठिसूळ असू शकते. सावकाश ताणून घेतलेल्या नेहमीच्या चाचणीत हे सहसा कळत नाही.

या ज्ञानाची खरी किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज, सागरी चाचण्या आटोपून शांत पाण्यात धक्क्याला उभे असताना, प्रचंड आवाजासरशी मध्यावर फाटले. ‘लिबर्टी’ जहाजांनाही अशाच भेगा पडत होत्या. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, दोष केवळ वेल्डिंगचा नव्हता. विशिष्ट तापमानाखाली ते पोलादच ठिसूळ होत होते. वेल्डिंगने मात्र भेगेला वाट करून दिली. रिव्हेटने जोडलेल्या जहाजात भेग बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबे; वेल्ड केलेले जहाज हा एकसंध देह होता.

पुढे अमेरिकेत फुटलेल्या जहाजांचे पत्रे तपासून त्यांची तीन गटांत विभागणी झाली: भेग जिथे उगम पावली ते, जिथून आरपार गेली ते आणि जिथे थांबली ते. त्यांच्या तुलनेतून १५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे २० ज्यूल, हा प्रसिद्ध निकष आला. हा आकडा आधी सिद्धान्तातून निघाला नाही. तो भग्नावशेषांतून वाचला गेला.

२० ऑक्टोबर १९४४ रोजी क्लीव्हलंडमध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटली. तिच्या पोलादात ३.५ टक्के निकेल होते. उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पुरेसे चिवट राहत नाही. आगीत सुमारे १३० माणसे गेली. शेजारची एक गोल टाकी काही वेळाने कोसळली, ती तिचे उघडे पोलादी पाय आगीने तापून खचल्यामुळे. इथे कारण थंडी नव्हे, उष्णता; पण पाय गेले की टाकीही जाते, हे त्यातून लख्ख दिसले.

या दोन अनुभवांच्या शेजारी ती तरतूद ठेवली की तिचा अर्थ उलगडतो. उघड्यावरचे पाय हिवाळ्यातल्या हवेइतके गार होतात. थंड पात्राला वेल्ड केलेला भाग पात्राबरोबरच गारठतो. तिथे उगवलेली भेग सांध्यातून कवचात शिरू शकते. अर्थात प्रत्येक आधाराची चाचणी घ्यावी लागते असे नाही. पोलादाचा प्रकार, जाडी आणि अपेक्षित किमान तापमान यांवरून सूट मिळते. वेल्ड न केलेला खालचा सांगाडा तर त्या वाक्यात येतच नाही. तिथे निर्णय बराचसा आरेखकाच्या विवेकावर राहतो.

संहिता वाचणाऱ्याने हे सीमारेषेचे राजकारण ओळखले पाहिजे. मुख्य काय आणि दुय्यम काय, हे कागद ठरवतो. भेग मात्र फक्त जोड पाहते.