डी. डी. टी. : गुण आणि दोष यांचे एकच मूळ
डी. डी. टी. हे संयुग ओथमार त्साइडलर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केले. त्याची कीटकनाशक शक्ती मात्र पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये उघडकीस आणली. ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य, चरबीत सुविद्राव्य असून त्याचे विघटन अत्यंत मंद गतीने होते. भिंतीवर एकदा फवारलेले द्रव्य महिनोन्‌महिने डासांचा संहार करी, ते या चिवटपणामुळेच. मुंबई इलाख्यात कानडा व धारवाड जिल्ह्यांतील फवारणीने १९४६ च्या सुमारास याचा प्रत्यय आणून दिला. राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि भारतातील हिवतापाच्या रुग्णांची वार्षिक संख्या सुमारे ७.५ कोटींवरून १९६५ पर्यंत सुमारे १ लाखावर आली.

परंतु याच चिवटपणामुळे हे द्रव्य अन्नसाखळीत साचत गेले. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली. मातेच्या दुधातही त्याचा अंश आढळला. डासांत प्रतिकारशक्ती उत्पन्न झाली, मोहीम शिथिल पडली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा सुमारे ६४ लाखांवर गेली. भारताने १९८९ मध्ये शेतीतील वापर थांबविला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरतीच मुभा ठेवली. कारण हिवतापाचे भय तेव्हाही ओसरले नव्हते.